उपासाचे वडे

तुमच्या आजोबांचे रक्ताचे तीन रिपोर्ट माझ्याकडे फायलीत आहेत, क्रमाने लावलेले. ट्रायग्लिसराइड आणि वाईट कोलेस्टेरॉलचे आकडे ठळक छापलेले, आणि दर वेळी आधीपेक्षा वर गेलेले. इंग्रजीतला तो कागद घरात वाचता येत होता तो मला एकटीलाच.

पहिला रिपोर्ट घेऊन आम्ही चिखलीला गेलो. डॉक्टर माझाच विद्यार्थी. आठवीत त्याची स्पेलिंगं मी लाल शाईने दुरुस्त केली होती. त्याने वाकून नमस्कार केला आणि आजोबांना विचारलं, "काका, खाण्यापिण्याचं कसं काय?"

"माहं खानं काय राजेहो! सोमवार-शनिवार उपास असते. दारू नाही, मटन नाही."

डॉक्टर खूश झाला. "वा काका! या वयात दोन उपास? चालू ठेवा." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "पथ्याचं तुम्ही पाहताच ना, बाई?"

"हो, पाहते," मी म्हटलं.

त्या उपासात काय असे ते मला ठाऊक होतं. सकाळी दाण्याच्या कुटात लोळवलेली साबुदाण्याची खिचडी, दुपारी वनस्पती तुपात तळलेले वडे, संध्याकाळी आलूचे चिप्स. एरवी ते ज्वारीची भाकर, मेथीची भाजी, तुरीचं वरण जेवत. म्हणजे चांगलं ते उपासाला बंद, आणि नुसता स्टार्च नि तळण देवाच्या नावावर चालू. त्या टेबलासमोर हे मी एका वाक्यात सांगू शकले असते. पण विद्यार्थ्यासमोर नवऱ्याला खोटं कसं पाडायचं? आणि खरं लिहायचं तर, माझ्या वड्यांचं गल्लीभर कौतुक होतं.

परतताना जीपमध्ये मी म्हटलं, "वड्यांचं सांगितलं नाही तुम्ही."

"तळून तं तूच देतं. तू काऊन नाही सांगितलं वं, मास्तरीणबाई?"

जीपमधले लोक हसले. मीही हसले.

त्या आठवड्यापासून त्यांनी गुरुवारही धरला. डॉक्टरच म्हणाला होता ना, चालू ठेवा! मी आठवड्यातून तिसऱ्यांदा कढई चढवू लागले. दुसऱ्या रिपोर्टनंतर गोळ्या सुरू झाल्या. गोळ्या मी वेळेवर दिल्या. वडेही वेळेवर दिले.

ते सोमवारी गेले. सकाळीच छातीत कळ आली, आणि चिखली गाठायच्या आत सगळं संपलं. घरी आणल्यावर दारात जमलेल्या बायका म्हणाल्या, "पुण्यवान मानूस. उपासाच्या दिवशी सुटला." आत पातेल्यात रात्री भिजवलेला साबुदाणा टपोरा फुगून बसला होता. मी आत जाऊन त्याच्यावर झाकण ठेवलं.

परवा तुमच्या बाबांचा रिपोर्ट फोनवर आला. आकडे त्याच वळणावरचे. खाली त्यांनी लिहिलं होतं, "आई, मीही आता सोमवार धरलाय. तुझ्या वड्यांची कृती पाठव."

कृती मी पाठवणार नाही. तिच्याऐवजी हे तुम्हाला पाठवते आहे. पुढच्या वेळी बाबा डॉक्टरांकडे जातील तेव्हा तुमच्यापैकी एकाने सोबत जा. ते "मी उपास करतो" म्हणाले की उपासाला काय खातात ते तिथेच, त्यांच्यासमोर सांगा. त्यांना राग येईल. येऊ द्या. माझ्यावर आजवर कोणीच रागावलं नाही.