मोहोराचा धूर आणि पंख्यांचं विमान

थंडीत आंबा मोहोरतो, तेव्हाच धुकंही पडतं. दंव बसलं की मोहोर काळा होऊन गळतो. म्हणून पहाटे आंब्याच्या कलमांखाली पाला पेटवून धूर करायचा. नवरा दर्यात गेला तो परतला नाही. तेव्हापासून माझ्या सात कलमांनीच मुलीला वाढवलं. त्यामुळे ताप असो की सुतक, धूर मी चुकवला नाही.

त्या दिवशी दुपारी मुंबईत मुलीचं पोटाचं ऑपरेशन होतं. तारीख अचानक ठरलेली, रेल्वेत जागा नाही. फोनवर म्हणाली, "आये, तू इल्याशिवाय मी आत जावचंय नाय." जावयाने विमानाचं तिकीट काढलं. विमानतळ आमच्याच गावावरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर.

चार दिवस घरी नसणार म्हणून निघताना दुप्पट पाला घातला. शेजारीण हसली, "विमानात बसतलंस, तरी धूर सोडूचंस नाय गो!"

"विमान काय माका आंबे देतला?" म्हटलं.

वर विमानतळावर गेले तर तपासणीत पिशवीतला नारळ काढून घेतला. विमानात धोक्याचा म्हणे. आणि विमान बघितलं तर दोन पंख्यांचं, एसटीपेक्षा जरा मोठं! नारळच घाबरला असता.

धुक्यात ते जागचं हलेना. तिथला साहेब सांगत होता, "छोटं विमान आहे. उडताना पायलटला धावपट्टीचं टोक दिसायला हवं."

पांढऱ्या कपड्यांतला एक पुढारी ओरडला, "मी कोण आहे माहीत आहे ना?"

साहेबाला माहीत होतं. धुक्याला नव्हतं.

नऊला ऊन आलं. धुकं फाटलं, पण एका टोकाला पांढरं तसंच. साहेब म्हणाला, "हा धूर आहे. सड्यापर्यंत येतो, पण थंड हवेत त्याहून वर चढत नाही, इथेच बसतो. खाली कोणीतरी काहीतरी जाळतंय."

"कोण मूर्ख आहे तो?" पुढारी म्हणाला.

वास मी कधीच ओळखला होता. उठून म्हटलं, "ता मूर्ख मीच. कलमां माजी."

तिथूनच शेजारणीला फोन लावला. "गो, धुरार पाणी ओत. साताय कलमांखाली."

"आणि मोहोर?"

"जांवदे. माजा चेडू मुंबयत थांबला आसा."

पुढाऱ्याने मला हात जोडले. मतदार आहे, हे लक्षात आलं असावं.

अर्ध्या तासाने टोक दिसलं. विमान असं थरथरत उठलं की नारळ काढून घेतला ते बरंच केलं, वाटलं. फुटलाच असता.

इस्पितळात पोचले तेव्हा मुलगी ऑपरेशनच्या खोलीच्या दारातच, चाकांच्या खाटेवर अडून बसलेली. नर्स कंटाळलेल्या. मी हात धरला. "आये, तुज्या अंगाक धुराचो वास येता," म्हणाली, आणि आत गेली.

आता ती बरी आहे. त्या वर्षी चार कलमांनी काही दिलं नाही. सड्याखाली मात्र पाटी लागली: 'धूर करण्यास मनाई'. धुक्याला मनाई करणारी पाटी अजून लागायची आहे.