तांबडा ठिपका वर

दोन हजार साल उलटल्यानंतर काही वर्षं आमच्या वेंगुर्ल्याच्या घरी जुने वाल्व्हचे रेडिओ दुरुस्तीला येत असत. दुरुस्ती माझा नवरा करायचा. तो आधी जहाजांवर इलेक्ट्रिशियन होता. ती नोकरी सुटल्यावर त्याने पडवीत टेबल मांडलं. मी एका दैनिकाच्या गावातल्या छोट्या कार्यालयात बातमीदार होते. अपघातांच्या बातम्या माझ्याकडे असत. विजेचा धक्का बसून मृत्यू ही पावसाळ्यातली नेहमीची बातमी, दोन परिच्छेदांची. त्यातली बहुतेक माणसं रोजचं काम करताना गेलेली असायची. त्यामुळे पडवीतलं काम मला स्वस्थपणे बघता येत नसे.

वाल्व्हच्या रेडिओत दोन-तीनशे व्होल्ट फिरत असतात आणि प्लग काढल्यावरही त्यातले काही कंडेन्सरमध्ये साठून राहतात. चालू सेटमध्ये मीटरची टोकं लावताना नवरा फक्त उजवा हात वापरी. डावा हात खिशात ठेवायचा, हा जहाजावरचा नियम. म्हणजे वीज एका हातातून शिरून छातीवाटे दुसऱ्या हाताने बाहेर पडत नाही. घरी तो लुंगी नेसायचा आणि लुंगीला खिसा नसतो. म्हणून डावा हात तो पाठीमागे नेऊन लुंगीत खोचून ठेवी. स्वयंपाकघरातून मला त्याची पाठ आणि खोचलेला हात दिसायचा. तो हात जागेवरून हलला की माझं हातातलं काम थांबत असे.

आरोंदा गावची म्हातारी पावसाळ्याच्या सुरुवातीला आली. जुन्या लुगड्यात गुंडाळलेला सेट मांडीवर घेऊन ती एसटीने आली होती. तिचा नवरा बोटीवर खलाशी होता. रेडिओ त्याने परदेशी बंदरात घेतलेला. काळसर तपकिरी बॅकेलाइटचा, म्हणजे जुन्या कडक प्लास्टिकचा, पुढे दोन घुंड्या. तो जाऊन बरीच वर्षं झाली होती, रेडिओ बंद पडूनही. आता घरात ती, मुलगा आणि सून होती. मुलगा मासेमारीला जायचा.

"मेस्त्री, आतला काय्येक बदलूचा नाय," ती म्हणाली. "रेडिओ तेंचो आसा, तो तेंचोच रवाक व्हयो."

"काकी, आतले कागदी कंडेन्सर कुसले आसत. ते बदलल्याशिवाय आवाज खंयसून येतलो?"

तिने माझ्याकडे बोट केलं. "तुमचा काळीज काढून दुसरा घातला, तर ह्या बायन तुमका वळखूचा कसा?"

"ती आताच वळखना नाय," नवरा म्हणाला.

म्हातारी हसली, पण ऐकली नाही.

काय बदलायचं आणि काय ठेवायचं हे नवऱ्याने एकेक भाग तपासून ठरवलं. वाल्व्ह चांगले होते, ते ठेवले. कागदी कंडेन्सरांचं मेण वितळून खाली ठिबकलं होतं. त्याने त्यांची नळकांडी गरम करून पोकळ केली, आत नवे छोटे कंडेन्सर बसवले आणि तोंडं पुन्हा मेणाने बंद केली. हे त्याने तिला सांगूनच केलं. "भायल्यान जुना दिसात ना? मगे चालात," असं तिचं उत्तर होतं.

प्रश्न वायरचा होता. वायर कापडाच्या वेष्टणाची, दोन तारांची होती. प्लगजवळ कापड उसवू नये म्हणून तिच्या नवऱ्याने जाळ्याच्या दोऱ्याचे घट्ट वळसे घातले होते. ते वळसे तिने मला बोटाने दाखवले. वायरला हात लावायचा नाही, हे तिने दोनदा बजावलं.

त्या सेटमध्ये ट्रान्सफॉर्मर नव्हता. वायरमधली एक तार सरळ आतल्या पत्र्याच्या सांगाड्याला जोडलेली होती. प्लग नीट लावला तर सांगाड्यात वीज येत नसे. उलटा लावला तर घराची सगळी वीज त्या पत्र्यावर यायची, आणि पत्र्यावरून घुंडीतल्या बारीक स्क्रूपर्यंत. दोन पिनांचा प्लग कसाही बसतो. नवऱ्याने बाहेरून ट्रान्सफॉर्मरचा एक डबा लावायची सूचना केली.

"ह्यो डबो तेंच्या वेळार खंय होतो?" म्हातारीने विचारलं. डबा लावायचा राहिला.

मग नवऱ्याने माझं नेलपॉलिश घेऊन प्लगच्या एका बाजूवर तांबडा ठिपका दिला आणि घुंड्यांच्या स्क्रूंची भोकं मेणाने बुजवली. सेट तो स्वतः आरोंद्याला पोचवून आला. पुढच्या खोलीतल्या बोर्डावर ठिपका वर ठेवून प्लग लावला, टेस्टरने पत्रा तपासला आणि सुनेकडून प्लग काढून-लावून घेतला. "तांबडो ठिपको वर," हे तिच्याकडून वदवूनही घेतलं. घरी येऊन त्याने मला हे सगळं क्रमाने सांगितलं. मी विचारलं, सून घरी नसेल तेव्हा काय.

पुढे खंडेनवमी आली. सकाळी कार्यालयात यंत्रांची पूजा होती. आमचा शिपाई ओल्या फडक्याने फॅक्स मशीन पुसत होता. बटणांच्या फटीतला मळ त्याने टाचणीने कोरून काढला. मग बोटं पाण्यात बुडवून गंध लावायला घेतलं. मशीनचा हिरवा दिवा पेटलेला होता.

"बंद तरी कर रे आधी," मी म्हटलं.

"बंद मशिनीची कसली पूजा, मॅडम? चालू होयी. वर्सातून एकदा तरी तिका बरा वाटांदे."

त्याच्या हातातली टाचणी मी बघत राहिले. आरोंद्याच्या घरी त्याच वेळी काय चाललं असेल, ते मला सरळ दिसलं. कोयता, भाजी चिरायची आडोळी, वल्हं, शिवणयंत्र, सगळं धुऊन-पुसून देवापुढे मांडलं जाणार. रेडिओही मांडला जाणार. घुंडीच्या भोकातलं मेण मळ समजून कोरलं जाणार. रेडिओ देवाच्या खोलीत नेला की प्लग दुसऱ्या बोर्डावर लागणार. रेडिओ चालू असणार आणि हात ओले असणार.

मी त्यांच्या घरी फोन लावला. घंटा वाजत राहिली. पुन्हा लावला, तेव्हाही कोणी उचलला नाही. मग घरी लावला आणि नवऱ्याला सांगितलं.

"भोकांत मेण भरलंय मी," तो म्हणाला.

"तां कोरून काढतले. आज सगळा साफ करतत."

"प्लगाक ठिपको आसा."

"देवाच्या खोलीतलो बोर्ड तुया बघलंस काय?"

त्याने फोन ठेवला. थोड्या वेळाने कार्यालयाच्या दारात त्याची स्कूटर आली.

आरोंद्याला जाताना शिरोड्याच्या रस्त्याला दोन्ही बाजूंना दारोदार गाड्या धुणं चाललं होतं. रिक्षांना गोंड्याच्या फुलांचे हार, मोटरसायकलींच्या टाकीवर गंधाची बोटं. प्रत्येक घरापुढच्या खळ्यात पाण्याची बादली होती. नवरा एरवी स्कूटर सावकाश चालवतो, त्या दिवशी तसं नव्हतं. माझ्या डोक्यात बातमीची पहिली ओळ तयार होत होती आणि ती थांबवता येत नव्हती. आरोंदा येथील वृद्ध महिलेचा. वय मला माहीत नव्हतं. ते कोणाला विचारावं लागेल, हा विचार आला आणि मी नवऱ्याचा शर्ट घट्ट धरला.

रेडिओचा आवाज म्हातारीच्या खळ्यातूनच ऐकू आला. कुठल्यातरी स्टेशनवर भजन लागलं होतं. रेडिओ चालू आहे म्हणजे घरात सगळं ठीक आहे, असं त्यावरून ठरत नव्हतं. हाक मारावी म्हणून मी तोंड उघडलं, तेव्हा नवऱ्याने मागे न बघता हात वर करून मला थांबवलं. हाक ऐकून कोणी दचकलं आणि आधाराला त्या सेटवरच हात टेकला तर, असा त्याचा हिशेब होता. हे त्याने नंतर सांगितलं.

देवाच्या खोलीची जमीन शेणाने ताजी सारवलेली होती. चौरंगावर रेडिओ, गळ्यात गोंड्याचा हार. म्हातारी समोर लाकडी पाटावर बसली होती. दोन्ही घुंड्यांवर ओलं गंध लागलेलं होतं. सून विहिरीवरून पाय धुऊन आलेली; दारापासून चौरंगापर्यंत तिची ओली पावलं उमटली होती. तिच्या एका हातात हळदकुंकवाचं ताट होतं आणि दुसऱ्या हाताची बोटं कुंकवाने माखलेली. ती रेडिओला कुंकू लावायला वाकत होती.

नवरा रबरी चपला घालूनच आत गेला.

"मेस्त्री, चपला," सून म्हणाली आणि तशीच वाकलेली थांबली.

तो तिच्या पलीकडून भिंतीशी गेला आणि त्याने प्लग उपटला. भजन एकदम बंद न होता हळूहळू विरलं. कंडेन्सर रिकामे होत होते. प्लगचा तांबडा ठिपका खालच्या बाजूला होता.

मग म्हातारी म्हणाली, "चपला घालून देवाच्या खोलयेत? मेस्त्री, तुमका बाटवल्यानी काय कोणी?"

नवऱ्याने प्लग पुन्हा तसाच उलटा लावला, सगळ्यांना मागे सरायला सांगितलं आणि टेस्टरचं टोक घुंडीतल्या स्क्रूला टेकवलं. टेस्टरमधला दिवा पेटला. त्याने प्लग काढला.

"काकी, तुमी हात लावलात तेव्हा काय झाला?"

"मुंग्यो इल्यो." ती अगदी सहज बोलली. "तेंच्या वेळार पण अशोच येयत. बोटांत झिणझिण. तेव्हा म्हटलंय, रेडिओ खरोच तेंचो रवलो. मेस्त्र्यान आत बदलल्यान तरी."

म्हातारी वाचली ती पाटामुळे, आणि पूजेला पाटावर बसायचं ही रीत होती म्हणून. सुनेसाठी पाट नव्हता. नवऱ्याने हे म्हातारीला मालवणीत, एकही शब्द मोठ्याने न बोलता सांगितलं: पाट होता म्हणून मुंग्या आल्या. ओल्या जमिनीवर अनवाणी उभं असताना मुंग्या येत नाहीत.

म्हातारीने सुनेच्या पायांकडे बघितलं. मग दारापर्यंतच्या ओल्या पावलांकडे. सुनेने ताट खाली ठेवलं आणि कुंकवाचा हात पदराला पुसला. तो पदर नवा होता.

"माका ठिपको वर म्हायत होतो," सून म्हणाली. "पण आज प्लग आत्येन लावल्यानी. मी पाणी काढूक गेल्लंय."

"व्हय, मिया लावलंय," म्हातारी म्हणाली. "तो ठिपको माका कुंकवाचो वाटलो."

तिने वायर मांडीवर ओढून घेतली. कोरलेलं मेण चौरंगाच्या कडेला पडलं होतं आणि ज्या दाभणाने ते कोरलं, ते दाभणही तिथेच होतं. तिने ते उचललं आणि दोऱ्याच्या वळशांखाली घातलं. दोरा जुना, कडक झालेला. सुटायला वेळ लागला. सून मदतीला वाकली, तेव्हा तिने कोपराने तिला बाजूला केलं. सगळे वळसे निघाल्यावर तिने दोरा बोटाभोवती गुंडाळून कमरेच्या पिशवीत ठेवला आणि वायर नवऱ्याकडे दिली.

"ही न्हेवा. आणि तो तुमचो डबो हाडा."

दसरा झाल्यावर आम्ही दोघं पुन्हा गेलो. नवऱ्याने नवी वायर घातली, ट्रान्सफॉर्मरचा डबा लावला, प्लग सरळ आणि उलटा, दोन्ही बाजूंनी तपासला. टेस्टर पेटला नाही. म्हातारीने आपणहून हात पुढे केला. नको, असं माझ्या तोंडातून निघून गेलं. तिने तरीही घुंडीच्या स्क्रूवर बोट ठेवलं आणि बराच वेळ तिथेच ठेवलं.

"लागना नाय," ती म्हणाली.

"लागूकच नको, काकी."

तिने बोट काढलं. "आवाज तोच आसा," एवढं म्हणून ती आतल्या खोलीत गेली.

संध्याकाळी मच्छीमारांसाठी हवामानाची सूचना लागते. मुलगा खाडीवर बोटीपाशी होता, त्याला ती सांगायची असे. वेळ झाली तशी सून मासे धुवायचं टाकून तशीच आत आली, हातांवरून पाणी गळत होतं, आणि तिने घुंडी फिरवली. माझी नजर तिच्या पायांवर होती. सूचना संपेपर्यंत ती तिथेच उभी राहिली. वारा बेताचा, दर्या शांत. मग तिने रेडिओ बंद केला आणि ती माशांकडे परत गेली.