खुंटाची फूट

आमच्या चंदगडच्या बाजूला उन्हाळ्यात तरव्याची, म्हणजे भाताची रोपं करायची जागा भाजतात. पालापाचोळा पसरायचा आणि पेटवायचा. त्या वर्षी धाकट्या चुलत्यांच्या तुकड्यात वारं फिरलं आणि जाळ गवतातून डोंगर चढला. नव्वदीच्या अखेरीची गोष्ट. मी नुकतीच बी.ए. झाले होते. घराण्यात पहिली, आणि ते मी कुणालाही ताठ मानेनं सांगते. त्या शिक्षणामागं आमची काजूची बाग होती. वडील गेल्यावर आईनं ओढ्यातून घागरी वाहून ती जगवली होती.

ओल्या फांद्यांनी जाळ झोडपून सगळा गाव दमला. बागेची वरच्या कडेची दोन झाडं तेवढी हिरवी उरली. चुलत्यांचे दोन्ही हात भाजले होते. आईनंच त्यांना कोरफड लावली. 

पावसाळ्यात प्रत्येक घरानं जळलेल्या बागांना रोपं दिली. थंडीत गावानं डोंगराच्या कडेनं रुंद पट्टा साफ करायला घेतला, म्हणजे वणवा आला तरी तिथंच अडेल. साफ करत करत माणसं आमच्या दोन झाडांपाशी येऊन थांबली. काजूचा वाळका पाला रॉकेलसारखा पेटतो. झाडं ठेवली तर पट्टा तिथंच तुटणार.

चुलते म्हणाले, "जरा वळवूया की. वयनींची एवढीच दोन राहिल्यात."

"आधी डोंगर भाजलास, आता पट्टा वाकडा कर," शेजारचा म्हातारा म्हणाला. कुणी हसलं नाही.

आई पुढं झाली. "भावजी, खाली सगळ्यांची रोपं हायत. तोडा."

झाडं मोहरली होती. ती पडेपर्यंत आई तिथंच उभी राहिली.

पुढच्या उन्हाळ्यात पलीकडून वणवा आला आणि पट्ट्यावर येऊन विझला. रोपं वाचली. मी पळत घरी सांगायला आले.

आई म्हणाली, "त्या खुंटांना फूट आलीया काय गं?"

"आलीया."

तिनं कोनाड्यातला कोयता घेतला. "पट्ट्यात पाला वाळायच्या आत काढाय पायजे."

आम्ही वर गेलो. खुंटांपाशी चुलते आधीच येऊन बसले होते. कोयता मांडीवर, आणि फूट तशीच, कोवळी, तांबूस.

"माझ्यानं न्हाय व्हइत, वयनी."

"सरका," आई म्हणाली, आणि वाकली.