खंडेनवमीचा नारळ आणि आठ केबीची चिप

हसायचं नाही बरं का, आधीच बजावतो! माझ्या हातून जे झालं, ते शिकल्यासवरल्या माणसाच्याच हातून होऊ शकतं.

नव्वदच्या दशकात मी देवळाली प्रवराला एका दूध शीतकरण केंद्रावर इंजिनियर होतो. तिथं थर्मामीटरच्या जागी टाकीचं तापमान दर पंधरा मिनिटांनी टिपणारं मशीन आलं. बनवलं होतं तिसगावच्या रंजना मॅडमनी. नोंदींसाठी आत नखाएवढी चिप, आठ केबीची!

"आठ केबीत काय मावणार, मॅडम?" मी खो-खो हसलो.

"मावतंय की! नोंदी रचायची फाइल सिस्टिमच तेवढी हलकी लिहिलीय. नवी नोंद कोऱ्या जागेत पुरी उतरल्याबिगर जुनीला हात लावायचा न्हाई. मधेच लाइट गेली तरी आधीचं सगळं शाबूत."

आठ दिवसांची चाचणी ठरली. नोंदी निघाल्या नाहीत तर दूध संघाचे चेअरमन मशीन परत पाठवणार, म्हणजे मॅडमची दोन वर्षांची मेहनत पाण्यात.

आठव्या दिवशी नेमकी खंडेनवमी! सगळ्या यंत्रांची पूजा, मग ह्या लेकराला का वगळायचं? हळद-कुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली आणि हौसेनं नारळ मशीनच्याच कडेवर फोडला. पाणी फटीतून भसकन आत! फट्ट! मशीनचा दिवा गेला.

वरून पुसलं, वाळवलं, फ्यूज बदलला, तासाभरानं दिवा लागला. पण आतलं सगळं गेलंच असणार! बिचाऱ्या बाईचं वाटोळं केलं हो मी! मग काय, आठ दिवसांचं तापमान अंदाजपंचे कागदावर उतरवलं. चार, चार, पावणेचार, चार.

दुपारी मॅडमना घेऊन चेअरमन आले. मी घाईघाईनं कागद पुढे केला. "मशीन दगा देईल म्हणून मी हातानंही नोंदी ठेवल्यात!"

मॅडमनी प्रिंटर जोडला. खर्रर्र... आठही दिवसांच्या नोंदी बाहेर! मी आ वासून बघतच राहिलो. काय ती बाई, काय तिची विद्या! खरं सांगतो, पाया पडावंसं वाटलं.

चेअरमननी दोन्ही कागद शेजारी धरले.

"सायेब, आज धा ते अकरा मशीनची नोंदच न्हाई, बंद हुतं. तुमच्या कागदावर तवा चार डिग्री हाय. मोजलं कशानं?"

"ते... हातानंच..."

"टाकीत हात घालून?"

मॅडमनी झाकण उघडलं. चिपवर कुंकू आणि खोबऱ्याचा तुकडा! तो त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. "घ्या, परसाद."

"मशीन ऱ्हाऊ द्या हितंच," चेअरमन म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "आठ केबीत एवढं मावतंय, तर तुमचं डोकं किती केबीचं हाय वो, सायेब?"

मी खोबरं चावत राहिलो. तोंड भरलेलं असलं की उत्तर द्यावं लागत नाही!