महिपतला दिलेली पाच काडतुसं

केरू धनावडे मिरजोळ्याच्या एका वर्कशॉपात एकतीस वर्षं लेथवर उभा होता. मच्छीमार बोटींच्या पंख्याचे शाफ्ट बनवायचा. त्याचा एक नियम होता: हातातलं माप टाकून उठायचं नाही. एकदा मालक चार पाहुणे घेऊन मागे येऊन उभा राहिला, तरी केरूने मान वळवली नाही. शाफ्ट उतरवला, माप घेतलं, मशीन बंद केलं, मग वळला.

"घरी कोण मेलं असतं तरी असाच उभा राहिला असतास काय?" मालकाने विचारलं.

"मेलं असतं तर कामाला आलोच नसतो," केरू म्हणाला.

निवृत्त झाल्यावर तो वाडीत आला. तीस-बत्तीस कलमं, एक विहीर, बायको हौसा आणि बापाच्या वेळची बारा बोरची बंदूक. परवाना शेतीच्या राखणीचा. कलमांवर आंबा धरला की वांदर येतात. सकाळी नवाला येतात, परत चाराला. एका फांदीवर दहा आंबे असले तर एक खातात आणि नऊ चावून टाकतात. हवेत बार काढला की तेवढ्यापुरते पळतात.

बार काढायला काडतूस लागतं. दुकानचं काडतूस वर्षाला ठरलेलं तेवढंच मिळतं. म्हणून केरू जुन्या पितळी काडतुसांत घरीच दारू भरायचा. परवान्यात ते बसत नव्हतं. भरलेलं दुसऱ्याला देणं तर मुळीच बसत नव्हतं. त्याला हे माहीत होतं, वाडीलाही माहीत होतं. म्हणूनच त्यावर कोणी बोलत नव्हतं.

भरायची पद्धत मात्र त्याची पक्की होती. दारूचं माप त्याने स्वतः लेथवर बनवलेलं, पितळेचं, अंगठ्याएवढं. आधी दहा कागदांवर दहा मापं मोजायची आणि पुड्या बांधायच्या. अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेत दहा रिकामी काडतुसं उभी करायची. मग एक पुडी, एक काडतूस. शेवटी दहा कागद मोजून बाजूला ठेवायचे. चूक होईल अशी जागाच ठेवायची नाही.

सोमवारी संध्याकाळी तो असाच पडवीत बसला होता. चार पुड्या ओतून झाल्या होत्या. तेवढ्यात शेजारचा महिपत पायरीवर आला.

"केरूदा, अंडी उबवतोस काय?"

शेजारी दारात आला आणि घरचा माणूस खाली मान घालून बसला, असं वाडीत चालत नाही. वर्कशॉपात मालकाला पाठ दाखवणारा केरू महिपतसाठी उठला. चटई आणली. हौसाला चहाचं सांगितलं. पाण्याचा तांब्या ठेवला. परत बसला तेव्हा दोघांच्या गप्पा वांदरांवर आल्या होत्या. महिपत सांगत होता की टोळीतला मोठा हुप्प्या आता त्याच्याकडे बघून दात दाखवतो, जणू सातबाऱ्यावर त्याचंच नाव आहे. केरू हसला. हसत हसत उरलेल्या सहा पुड्या ओतल्या. वर पुठ्ठ्याचा गत्ता, छर्रे, पुन्हा गत्ता आणि मेण. दहा काडतुसं तयार झाली. दहा कागद त्याने मोजले. दहाच होते.

निघताना महिपत म्हणाला, "पाच दे रे मला. माझी संपली हायत. पोरगा शुक्रवारी दुकानातून आणील."

विरजण मागावं तसं मागितलं. विरजणाला कोण नाही म्हणतं? केरूने पाच काडतुसं कागदात गुंडाळून दिली.

गुरुवारी सकाळी नवाला वांदर आले. केरूने एक काडतूस घातलं, नळी आभाळाकडे केली आणि चाप ओढला.

फट्.

फुटाणा फुटावा एवढाच आवाज. वांदर जागचे हलले नाहीत. केरूने बंदूक तशीच धरून ठेवली, शंभरपर्यंत आकडे मोजले आणि मग उघडली. गत्ता नळीत अडकला होता. त्याने काठीने तो ढकलून काढला. बोट फिरवलं, हुंगलं. दारू जळल्याची खूणच नव्हती. काडतुसात दारू नव्हती. नुसती बुडाची, ठिणगी पाडणारी टोपी फुटली होती.

तो घरापुढच्या खळ्यात बसला. पहिल्यांदा त्याला स्वतःची लाज वाटली. एकतीस वर्षं मापावर काढली आणि एक काडतूस रिकामं गेलं.

मग त्याला ते दहा कागद आठवले.

दहाच्या दहा पुड्या ओतल्या होत्या. एक काडतूस रिकामं राहिलं. म्हणजे एकात दोन पुड्या गेल्या.

 दुप्पट दारूचं काडतूस म्हणजे काय, ते त्याला कोणी शिकवायला नको होतं. नळी फाटते. फाटते ती डाव्या हातापाशी, आणि तुकडे येतात ते तोंडावर.

घरात उरलेली चार काडतुसं त्याने पडवीत आणली. सुरीने मेण काढलं, छर्रे वेगळे केले, दारू कागदावर ओतली आणि मापात भरली. एक माप. एक माप. एक माप. चौथ्याची अर्धी दारू घाईत जमिनीवर सांडली. ती पिसाने गोळा केली. तेही एकच माप.

"काय झालां?" हौसा दारातून म्हणाली. "तोंड बघ कसा झालाय."

"महिपतकडं जातो."

"चाय?"

तो निघालाही होता.

महिपत खळ्यात दात कोरत बसला होता. धडधाकट. दोन्ही हात जागेवर, दोन्ही डोळे जागेवर. केरूने पहिल्यांदा तेच बघितलं.

"माझी काडतुसं कुठं हायत?"

"परत मागायला आलास? दिलेल्या विरजणाचा दही झाला, केरूदा!" महिपत हसला. "दोन उडवली. काय माल भरतोस रे! दुसऱ्या बाराला आख्खी वाडी दचकली. खांदा बघ माझा." त्याने सदरा सरकवून काळानिळा डाग दाखवला. "असलीच भर पुढच्या वेळी. हुप्प्या पार सड्याच्या पलीकडं गेला."

केरूने ते ऐकलं आणि ऐकलं नाही. त्याच्या डोक्यात एवढंच होतं: महिपत शाबूत आहे, म्हणजे ती दोन ठीक होती.

"बाकीची तीन?"

"दोन घरात. एक अस्लमला दिला. त्याच्याकडं एकही नव्हता."

अस्लम कुवेतला पंधरा वर्षं काढून परत आला होता. खाडीच्या वरच्या उतारावर त्याची कलमं. मोसमात तो तिथेच खोपीत राहायचा. त्याची बंदूकही बापाची, केरूच्या बंदुकीहून जुनी, नळी झिजून कागदासारखी झालेली.

महिपतकडची दोन काडतुसं केरूने तिथेच फोडली. एक माप. एक माप.

"आसां काय करतोस? चांगला माल फुकट घालवलास," महिपत म्हणाला.

केरूने सांगितलं. महिपतच्या तोंडातली काडी खाली पडली.

अस्लमचा फोन बंद होता. पुन्हा लावला. बंदच. खाली जायला गाडीचा रस्ता लांबून, वळसा घालून. महिपतच्या मोटारसायकलीत पेट्रोल नव्हतं. केरू सड्यावरच्या पायवाटेने निघाला. महिपत मागून ओरडला, "जा तू! मी कलमांकडं बघतो. कालच पोरगा दुकानची घेऊन आलाय, दोन दिवस आधीच!"

केरू अडुसष्ट वर्षांचा होता. गुडघ्यांनी वर्कशॉपातच राजीनामा दिला होता. तरी तो पळाला. सडा म्हणजे उघडा कातळ, मार्चचं ऊन वरून आणि खालून. तो पायाकडे बघत नव्हता. तो कानाने चालत होता. आता बार होईल. या पावलाला होईल. पुढच्या पावलाला होईल. खालून एक दणका आला आणि तो जागच्या जागी खाली बसला. छाती धरून ऐकत राहिला. दुसरा दणका आला. तिसरा. जेटीवर कोणीतरी माशांचे क्रेट टेम्पोत टाकत होतं.

उठताना त्याला कळलं की आपण रडतोय. त्याने सदऱ्याने तोंड पुसलं आणि उतार धरला.

अस्लम एका कलमाखाली बसला होता. मांडीवर बंदूक. वरच्या फांद्या हलत होत्या.

"उतरव," केरू लांबूनच ओरडला. "उतरव ती!"

"सलाम नाय, दुवा नाय, थेट उतरव?" अस्लम म्हणाला. "हळू बोला केरूकाका. मोठा हुप्प्या वर बसलाय. एकच काडतूस हाय, वाया घालवायचा नाय म्हणून पाऊण तास वाट बघतोय."

केरूने त्याच्या हातातून बंदूक घेतली. उघडली. काडतूस बाहेर काढलं आणि मुठीत धरलं.  अस्लमने त्याला धरून सावलीत बसवलं, पाणी दिलं. केरूने धापा टाकत सगळं सांगितलं.  अस्लमने आपला डावा हात उलटासुलटा करून बघितला.

"फोडून दाखवतो," केरू म्हणाला.

मेण काढलं. छर्रे अस्लमच्या ओंजळीत ओतले. दारू कागदावर घेतली आणि खिशातल्या पितळी मापात भरली. माप काठोकाठ भरलं. कागदावर काही उरलं नाही.

एकच माप होतं.

"म्हणजे काय नव्हताच!" अस्लम हसायला लागला. "उगाच पळवलंत की काका गुडघ्यांना!"

केरू हसला नाही. तो बोटांवर मोजत होता. एक रिकामं. चार घरची. दोन महिपतच्या घरातली. एक हे. आठ झाली. आठही त्याने डोळ्यांनी बघितली होती. राहिली दोन, महिपतने उडवलेली. वाडी दचकली होती. खांदा काळानिळा झाला होता. महिपतने स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं, आणि केरूने बंदुकीकडे न बघता माणसाकडे बघितलं होतं.

दुप्पट काडतूस फुटून गेलं होतं. नळीने ते सोसलं होतं. लोखंड असं एकदा सोसतं. दुसऱ्यांदा सोसत नाही, हे लेथवरच्या माणसाला पक्कं ठाऊक होतं. दुसऱ्यांदा मग काडतूस दुकानचं का असेना.

आणि महिपत दुकानची काडतुसं घेऊन कलमांत गेला होता.

त्याने फोन लावला. पाच वेळा वाजला. महिपतच्या सुनेने, नम्रताने उचलला.

"मामंजी फोन घरी ठेवून गेलेत. कलमांत हायत. बंदूक घेऊन."

"पळ गो. त्याला सांग, बार काढायचा नाय. बंदूक खाली ठेव म्हण. फोन हातातच ठेव."

"का? काय..."

"पळ!"

मग केरूला फक्त आवाज ऐकू आले. चपला. कुत्रा. दगडी पायऱ्या. नम्रताचा श्वास. वाळक्या पानांची चुरचुर. लांबून वांदरांचं खेकसणं, मग जवळून. "मामंजी!" ती ओरडली. उत्तर नाही. "मामंजी, नको!" केरूने डोळे मिटले. अस्लमने त्याचं मनगट घट्ट पकडलं होतं, ते दोघांनाही नंतर कळलं.

पानं चुरडली. थांबली.

"काय गो बोंबलतेस?" महिपतचा आवाज आला, चिडलेला. "आता चाप ओढणार होतो. पळवलेस ना सगळे!"

केरूने फोन मांडीवर ठेवला. पलीकडे महिपत सुनेला ओरडत राहिला आणि केरू ते ऐकत राहिला. एवढं गोड त्याने बऱ्याच दिवसांत काही ऐकलं नव्हतं.

अस्लमने त्याला स्कूटरवरून वाडीत आणलं. महिपत खळ्यात बसला होता, बंदूक चटईवर. केरूने नळीवर अंगठा फिरवला. मागून चार बोटं पुढे अंगठा थांबला. तिथे लोखंड वर आलं होतं, नखाच्या जाडीएवढं. डोळ्याला दिसत नव्हतं. त्याने ओलं फडकं फिरवलं, कोरड्याने पुसलं, तेव्हा फुगवट्यावर केसासारखी एक काळी रेघ ओली राहिली: तडा.

महिपतने वाकून बघितलं. 

"सकाळी खांदा दाखवून हसलो मी," तो म्हणाला. आणि मग, "नम्रता, चाय टाक गो. तिघांना."

त्याने शिवी दिली असती तर केरूला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी केरूने आपली बंदूक, दारूचा डबा आणि रिकामी काडतुसं पोलीस ठाण्यात नेऊन दिली. काय झालं ते सांगितलं. भरलेली काडतुसं कोणाला दिली होती तेही विचारलं गेलं. महिपत म्हणाला, "मला दिली." अस्लमने न विचारताच सांगितलं. तिघांच्या बंदुका जमा झाल्या. चौकशी चालू आहे. वाडीत दोन-चार जण म्हणाले, केरूला उगाच खाजवून खरूज काढायची सवय, गप्प बसला असता तर काय बिघडत होतं? पितळी माप तेवढं त्याने घरी ठेवलं आहे. हौसा त्याने मेथी मोजते.

पण वांदरांना चौकशी कळत नाही. महिपतच्या कलमांवर आंबा होता आणि बंदूक नव्हती, ती केरूमुळे नव्हती. आपल्या कलमांच्या राखणीला केरूने हौसाला बसवलं. स्वतः तेलाचा रिकामा डबा आणि लोखंडी सळई घेऊन महिपतच्या कलमांत जाऊ लागला. सकाळी नऊ ते अकरा. दुपारी चार ते सहा. रोज. डबा बडवून बडवून तळहाताला घट्टे पडले, वर्कशॉप सोडल्यावर गेलेले तेच घट्टे. आठवड्यातून एकदा अस्लमकडेही जायचा. अस्लम म्हणायचा, "काका, वांदर आता तुमच्या तालावर नाचतात."

एप्रिलच्या शेवटी, आंबा उतरवायला चार दिवस राहिले असताना, महिपत कलमांकडच्या पायरीवर येऊन ओरडला, "केरूदा! चाय झाली!"

केरूने घड्याळ बघितलं. अकराला सात मिनिटं होती.

"येतो," तो म्हणाला, आणि डबा बडवत राहिला.