लावली एकशे ऐंशी, जगली किती?

सुकेशनी मॅडमची आणि माझी ओळख भांडणातून झाली, आणि अजून टिकून आहे तीही बहुधा भांडणाच्याच जोरावर. मी तेव्हा केंद्रप्रमुख होतो. म्हणजे अनसिंगच्या आसपासच्या दहा-अकरा शाळांतून मोटरसायकलवर फिरायचं, हजेरी पाहायची, वह्या-पेपर तपासायचे, लाल पेनानं शेरा मारायचा आणि चहा पिऊन पुढची शाळा गाठायची. माझा स्वभाव शांत आहे असं मी म्हणतो; घरात त्याला कुणाचा दुजोरा नाही.

मॅडम मूळच्या कामरगावच्या. वडील कारंजा-कामरगाव जीप चालवायचे, आणि आवाज बहुतेक त्यांच्याकडून आला असावा, कारण मॅडम वर्गात पाढे म्हणायला लागल्या की रस्त्यावरची बकरी थांबून बघायची. शाळा दोन खोल्यांची, चौथीपर्यंतची, अनसिंगपासून तीन किलोमीटरवरच्या वाडीतली. वाडीत बहुतेक घरं भाजीपाला पिकवणाऱ्यांची. संध्याकाळी मॅडम घरी निघाल्या की त्यांच्या हेल्मेटमध्ये वांगी, मेथी, कधी चार काकड्या पडलेल्या असायच्या. त्या नको नको म्हणायच्या आणि हेल्मेट पुढं करायच्या.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये चौथीची चाचणी झाली. त्यात एक प्रश्न होता: एका शेतात वांग्याच्या बारा ओळी आहेत. प्रत्येक ओळीत पंधरा रोपे लावली. तर शेतात वांग्याची एकूण किती झाडे आहेत? उत्तर एकशे ऐंशी. यात विचार करण्यासारखं काही आहे, असं मला तरी वाटलं नव्हतं.

अठरा पोरांपैकी चौदा पोरांचं उत्तर चुकलं. कुणी एकशे सत्तर, कुणी एकशे पासष्ट. राधिका नावाच्या पोरीनं एकशे अडुसष्ट लिहिलं होतं. ती वर्गातली हुशार मुलगी, म्हणून मला जास्तच राग आला. मी तिच्या पेपरवर लाल पेनानं ठसठशीत लिहिलं, ‘गुणाकार कच्चा. पाढे पाठ नाहीत.’ खाली सही ठोकली. मॅडमना चार शब्द सुनावले. मॅडमनी ते चार शब्द जसेच्या तसे राधिकेला सुनावले, सगळ्या वर्गासमोर. आमच्या खात्यात बोलणी अशीच वरून खाली जातात.

दुसऱ्या दिवसापासून राधिका शाळेत यायची बंद झाली.

चार दिवस वाट पाहून मॅडम तिच्या घरी गेल्या. घराला कुलूप होतं. शेजारणीनं सांगितलं, मायलेकी मळ्यात आहेत. मॅडम साडी आवरत चिखलातून मळ्यात पोचल्या. पुढचं सगळं मला त्यांनीच नंतर सांगितलं, आणि स्वतःची बाजू कुठंही सावरून घेतली नाही.

राधिकेची आई हौसाबाई नुकत्याच लावलेल्या वांग्यातलं तण निंदत होती. तिनं वर न बघताच सांगितलं, “मॅडम, पोरगी घरी येऊन लय रडली. तिले गणित येत नाई म्हणता न तुमी? मंग कायले पाठवू? इथं निंदण तं येते तिले.”

“हौसाबाई, गुणाकार चुकला तिचा.”

“कोणता गुणाकार?”

मॅडमनी प्रश्न सांगितला. हौसाबाईनं विळा खाली ठेवला. “बारा ओळी, पंधरा पंधरा रोपं? मंग एकशे ऐंशी कशी राह्यतीन? वांगं लावल्यावर मरत नाई काय? पुस्तकवाल्यानं कधी वांगं लावलं काय, मॅडम?”

राधिका आईच्या पाठीमागं उभी होती. खाली बघतच ती म्हणाली, “एका ओळीत एक मेलं धरलं मी. बारा मेले. एकशे ऐंशीतून बारा गेले.”

मॅडम तिथंच बांधावर बसल्या. मग उठून त्यांनी मळ्यातल्या बारा ओळी घेतल्या आणि पोरीसोबत प्रत्येकीतली पंधरा-पंधरा रोपं तपासत गेल्या. एकशे सहासष्ट जगली होती. राधिकेचा अंदाज दोनानं चुकला होता. माझा चौदानं चुकला असता, आणि मी तीस वर्षं नोकरी केलेला माणूस.

शाळेत परत येऊन मॅडमनी अठराच्या अठरा पेपर पुन्हा काढले. मी फक्त उत्तरं पाहिली होती. त्यांनी समासातलं कच्चं काम पाहिलं. चौदाही पोरांनी आधी एकशे ऐंशी बरोबर काढले होते आणि मग आपापल्या घरच्या हिशेबानं मेलेली रोपं वजा केली होती. ज्या चौघांनी एकशे ऐंशी लिहिलं, त्यातला एक पवन. त्याच्या घरी किराणा दुकान. डब्यातली साखर मरत नाही, त्यामुळं त्याला पैकीच्या पैकी मिळाले.

मॅडमनी वर्गासमोर सांगितलं, “चूक माझी होती.” पोरं खूश झाली. पण राधिका काही येईना. तिचा निरोप आला: मॅडमनी तोंडानं सांगितलं ते ठीक, पण त्या सायबानं लाल पेनानं लिवलं हाय, ते तसंच हाय.

मग मला फोन आला. “सर, तुम्हाला यावं लागेल.”

“मी? एका पोरीच्या पेपरसाठी?”

“पेपरसाठी नाही सर. पोरीसाठी.”

मी दोन दिवस फुगून बसलो. शेरा खोडायचा म्हणजे काय, उद्या प्रत्येक पोरगं उठून येईल, खात्याची काही इज्जत आहे की नाही, असं सगळं मी बायकोला ऐकवलं. ती भाजी चिरत होती. ती एवढंच म्हणाली की आपल्या परसात पाच मिरच्या लावल्या होत्या, तीनच राहिल्यात, जाऊन बघा. मी तिसऱ्या दिवशी वाडीच्या शाळेत गेलो.

हौसाबाई पोरीला घेऊन आली होती. मी शेरा खोडला आणि वर लिहिलं, ‘गुणाकार बरोबर. विचारही बरोबर.’ पेपर पुढं केला. राधिकेनं नीट वाचला आणि परत माझ्याकडं सरकवला.

“सही करा.”

मी सही केली.

“तारीख?”

तारीखही टाकली. सोमवारी ती शाळेत आली. मला बरं वाटलं, हे कबूल करायला आता लाज वाटत नाही. तेव्हा वाटली होती.

पण मॅडमना तेवढ्यानं चैन पडेना. त्या म्हणाल्या, “सर, अभ्यासक्रमात ‘अंदाज करणे’ असं लिहिलंय. पुस्तकात त्याचं पान आहे, पण त्यात पेटीतले चेंडू आहेत. आमच्या पोरांनी पेटीभर चेंडू कधी पाहिलेत?” मग दर गुरुवारी त्या पोरांना घेऊन मळ्यात जायला लागल्या. पोरं आधी अंदाज लिहायची, मग मोजायची, मग दोन्हीतला फरक काढायचा. तीन आठवड्यांत चौथीची वजाबाकी अशी पक्की झाली की मलाच भीती वाटायला लागली. त्यातून मॅडमनी एक पाठ लिहून काढला. नाव दिलं, ‘लावली किती, जगली किती’.

योगायोगानं त्या हिवाळ्यात आमच्याकडं शिक्षकांनीच एक पूरक पुस्तिका तयार करायचं ठरलं. वाशीमला बैठक झाली, मीही गेलो. मॅडमनी पाठ वाचला. समोर बसलेले एक अनुभवी गृहस्थ म्हणाले, “पाठ छान आहे. पण गणितात एका प्रश्नाला दोन उत्तरं कशी चालतील?”

मॅडम म्हणाल्या, “प्रश्नच दोन आहेत, सर. आपण एकच छापतो.” आणि त्यांनी राधिकेचा पेपर टेबलावर ठेवला, खोडलेल्या शेऱ्यासकट. सगळे वाकून माझी सही बघायला लागले. मी खिडकीबाहेर बघत बसलो. पाठ मंजूर झाला.

पुस्तिका छापून आली ती नेमकी निकालाच्या आदल्या दिवशी. मी त्याच महिन्यात निवृत्त होणार होतो, तरी वाडीच्या शाळेचा गठ्ठा मी स्वतः मोटरसायकलला बांधून नेला. निकालाच्या दिवशी सकाळी आठ वाजता हौसाबाई राधिकेला घेऊन आली. पोरगी पहिली आली होती. पण शाळा चौथीपर्यंतच, पाचवीला अनसिंगला जायचं, आणि हौसाबाई महिनाभर ‘पाहू’ एवढंच म्हणत होती. मॅडमच्या मनात त्या दिवशी तेवढीच काळजी होती. त्यांनी निकालपत्राआधी पुस्तिकाच राधिकेच्या हातात दिली. “पाहा, तुझा पाठ.”

राधिकेनं उभ्या उभ्या वाचला. बोट ठेवून, ओळ न् ओळ. शेवटच्या ओळीवर थांबली.

“मॅडम, हे अर्धंच हाय.”

“अर्धं? कसं काय?”

“यात खाडे भरलेच नाई. आठ दिवसांनी जिथंजिथं रोप मेलं, तिथं दुसरं लावतेत न. मंग पुन्हा भरते ओळ.”

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं, मी मॅडमकडं. मेलेल्या रोपाची रिकामी जागा म्हणजे खाडं, आणि ते भरतात, हे मला का ठाऊक नव्हतं? माझा बाप शेतकरीच होता. लहानपणी मी स्वतः भरलेत.

“अगं, मग तेव्हाच काहून नाही सांगितलंस?” मी जरा चढ्या आवाजात विचारलं.

राधिका मला आता घाबरत नव्हती. “तुमी कोणीच इचारलं नाई. तुमी मोजलं अन् निंगून गेले.”

मॅडमनी पेन्सिल घेतली, छापलेल्या पाठाखालच्या रिकाम्या जागेत तिचं म्हणणं लिहून घेतलं आणि विचारलं, “मंग राधिका, शेवटी झाडं किती?”

“एकशे ऐंशी.”

मी हसायला लागलो ते थांबेना. पोरीनं मला आठ-नऊ महिने फिरवून माझ्याच उत्तरावर आणून सोडलं होतं, आणि यावेळी ते का बरोबर आहे हे मला कळलं होतं.

हौसाबाई दाराशी उभी राहून सगळं ऐकत होती. ती आत आली, निकालपत्र घेतलं, घडी घालून कमरेला खोचलं.

“मॅडम, दाखला बी द्या लगेच,” ती म्हणाली. “अनसिंगले नाव टाकतो हिचं. तिथल्या पुस्तकात बी असंलच काही अर्धं.”