बारा माणसांची बिदाई

"निरोपाचा खर्च! अरे, पाहुणे अजून यायचेत, आणि तू त्यांच्या निरोपाला पैसे मागतोस?"

"दादा, हसू नकोस. मी अर्जात 'बिदाई' लिहिलं होतं. इंग्रजी करणाऱ्यानं त्याचा निरोप केला."

"त्याचं काय चुकलं? काशीबाहेर बिदाई म्हणजे लेक सासरी धाडणं! तुझे ते बारा शेतबाबू काय नवऱ्या मुली आहेत?"

दुर्गाघाटावर सीताकाकूंच्या माडीवर दोघे आठल्ये बंधू असे जुंपले होते. थोरले ढुंढिराजशास्त्री, न्यायशास्त्रातले गाढे पंडित. धाकटा नीलकंठ, शहराबाहेरच्या सरकारी बीजशेतावर वाफ्यांच्या चिठ्ठ्या लिहिणारा. आणि मधे पाटावर सीताकाकू, तपकिरीची डबी मुठीत धरून, भांडणाची मजा घेत. यजमानीण त्याच. त्यांच्या सासऱ्यांनी नेमून दिलेल्या पैशावर दर फाल्गुनात पंडितांची सभा भरे. आलेल्या प्रत्येकाला जाताना वाटखर्च आणि मानाची दक्षिणा मिळे, तिलाच काशीत बिदाई म्हणत. नीलकंठ हा शब्द कानात घेऊनच वाढला होता. सरकारला अर्ज करताना तो हातून उतरला आणि सगळा घोटाळा झाला. 'पाहुण्यांच्या आगमनापूर्वी निरोपाची तरतूद करता येत नाही,' असं वरून उत्तर आलं.

"शास्त्रीबुवा, थट्टा पुरे," काकू म्हणाल्या. "नीलकंठ, तू सांग. तुला माझ्या सभेची बिदाई कशाला हवी?"

नीलकंठ चाचरला. अकराव्या वर्षी स्वर धरता येईना म्हणून त्याला वेदपाठशाळेतून काढलं होतं. तेव्हापासून चारचौघांत बोलायचं म्हटलं की तो अडखळे. पण गव्हाचा विषय निघाला की हाच माणूस ओळखू येत नसे.

"काकू, गव्हावर गेरुई पडते. आपल्याकडे तांबेरा म्हणतात तो. ती किती पडली ते मोजायला मी कागदावर गव्हाची सहा पानं रंगवली, गेरूनंच. पहिल्यावर चार ठिपके, सहाव्यावर पान दिसेनासं. शेतातलं पान शेजारी धरायचं आणि आकडा लिहायचा, बस. शेतावरच्या साहेबांना पटलं. मी नकला करून पंजाबपासून धारवाडपर्यंत बारा शेतांवर टपालानं धाडल्या."

"मग?"

"मग पंजाबवाला म्हणतो, पानाच्या दोन्ही बाजू मोजायच्या. धारवाडचा म्हणतो, वरचीच. एकानं गेरू दाट कालवला, त्याची सहाही पानं काळपट. पंधरा वर्षांचे आकडे, पण एकाचे दुसऱ्याशी जुळत नाहीत! या फाल्गुनात मिसर, कॅनडा, ऑस्ट्रेलियाचे विद्वान आमच्या शेतावर चार दिवस बसणार आहेत. त्यांचं भाडं त्यांचे देश देतील. पण जे उन्हात वाकून पानं मोजतात त्या आपल्या बारांना यायला कोणी दमडी देत नाही. ते आले नाहीत तर विद्वान कशावर बोलणार? चुकलेल्या आकड्यांवर?"

"पत्रं लिही की!" ढुंढिराज म्हणाले.

"लिहिली. सहा वर्षं लिहितोय. दादा, तुझ्या पोथ्यांत पाठभेद निघाला की तू काय करतोस? पत्र टाकतोस?"



काकू खदखदून हसल्या. "सापडलात, बुवा! पोथ्या घेऊन सगळे एका सतरंजीवर बसता आणि अक्षर-अक्षर भांडता."

"पण ती शास्त्रं आहेत, काकू. ही बुरशी!"

"बुवा, पोळी शास्त्राची होत नाही." काकूंनी डबी मिटली. "दिली. यंदाची बिदाई या बारांची. पण मामंजींचा नेम मोडायचा नाही. यादी लिहील तो सभेत बोलणार नाही. कोणाला द्यायचं हे ज्याच्या हाती, त्यानं स्वतः मिरवायचं नाही. शास्त्रीबुवा, घ्या लेखणी."

"मी? मला कुठे ती माणसं ठाऊक?"

ठाऊक होती ती एका नीलकंठाला. कोण स्वतः मोजतो आणि कोण दुसऱ्याच्या आकड्यावर सही ठोकतो, हे त्यानं त्यांच्या सहा वर्षांच्या पोस्टकार्डांवरून ओळखलं होतं.

म्हणजे यादी त्यालाच लिहावी लागणार होती. आणि शेतावरच्या सभेत त्या रंगवलेल्या पानांबद्दलचा निबंध नीलकंठानंच वाचावा, असं साहेबांनी ठरवलं होतं. अर्धा तास. चिठ्ठ्या लिहिणारा माणूस विद्वानांच्या बाकांसमोर प्रथमच उभा राहणार होता. गेले दोन महिने तो पहाटे वाफ्यांमधून फिरत गव्हाला निबंध म्हणून दाखवी.

"नीलू, थांब." ढुंढिराजांचा आवाज बदलला होता. "मी वीस वर्षं यादी लिहितोय. समोर लोक न्यायाचं वाटोळं करतात आणि मी जीभ दाताखाली धरून बसतो. काय होतं ते मला विचार. काकू, यंदापुरता नेम जरा..."

"वाकवू? वाकवते. मग उद्या गल्ली म्हणेल, आठल्यांनी यादी हाती घेऊन घरचाच माणूस मिरवला. आणि त्या बारांकडेही लोक तसंच पाहतील. चालेल, नीलकंठ?"

 नीलकंठानं चौरंग ओढला, टाक दौतीत बुडवला आणि लिहायला लागला. नाव, पुढे गाव. कुठे अडला नाही, कुठे खोडलं नाही. शेतावर चिठ्ठ्या लिहायचा तसंच ते अक्षर, लांबून वाचता येईल असं. बारावं नाव झाल्यावर त्यानं शाईवर फुंकर घातली, कागद काकूंपुढे सरकवला आणि वाकून नमस्कार केला.

"अरे, पण तुझा निबंध?" ढुंढिराज अर्धवट उठले. "तो वाचणार कोण?"

नीलकंठ जिना उतरून गेला.